पट्टे कुठून सुरू होतात

उन्हाळ्यात भातकुलीची काळी जमीन पाय अडकेल एवढी भेगाळते. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्या भेगांत शिरलं की आत दडलेले जीव कोरडी जागा शोधत घरांकडे येतात. आमचं घर पराटीच्या वावराला लागून, त्यामुळे साप निघणं नवं नाही. पण त्या रात्री न्हाणीच्या खडबडीत भिंतीवर जो दिसला, त्यानं सगळ्यांचीच तारांबळ उडवली. पेनाएवढा जाड, तपकिरी, अंगावर पांढरे आडवे पट्टे.

शेजारचे काका काठी घेऊनच आले. "मन्यार आहे थो! ठेचा त्याले, पाहत काय बसले?"

त्यांची भीती खोटी नव्हती. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. दंश इतका बारीक की अनेकदा ना दुखत, ना सुजत. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. आमची आजी उन्हाळाभर चटईवरच झोपते. काकांच्या हातातली काठी मला कळत होती.

तरी म्हटलं, "काका, थांबा ना जरासे. दारातूनच पाहू."

मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि दुरूनच झूम करून फोटो काढले. पहिला पट्टा थेट मानेवर होता, पिवळसर आणि रुंद. पुढचे पट्टे ठळक, पण शेपटीकडे जाता जाता पुसट होत नाहीसे झालेले. मण्यारीत याच्या उलट असतं: मोठ्या सापाचे पट्टे डोक्यापासून बरंच मागे सुरू होतात, बारीक असतात, बऱ्याचदा जोडीजोडीनं येतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. पिल्लांत मात्र ते पुढेही दिसतात, म्हणून या एकाच खुणेवर विसंबू नये. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. फोटोत तशी रांग नव्हती. शिवाय हा भिंतीवर सराईतपणे चढत ट्यूबलाइटजवळच्या पालीकडे निघाला होता. कवड्याच तो. बिनविषारी, पालींवर जगणारा.

एवढं पटूनही मी हात लावला नाही. फोटो अमरावतीच्या सर्पमित्राला पाठवला. तो येईपर्यंत दार लोटून खालच्या फटीला ओलं पोतं लावलं. त्यानं पाहताच कवड्या म्हणून सांगितलं, बरणीत घेतलं आणि वस्तीपासून दूर, नाल्याच्या काठी सोडलं. विदर्भात मण्यार समजून किती कवडे मारले जातात, याची मला फार खंत वाटते. आणि याहून मोठी चिंता उलट्या चुकीची: खरा मण्यार कवड्या समजून कुणी उचलला तर! तसं घडून दंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता थेट अमरावतीचं इर्विन रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. श्वास मंदावला तर व्हेंटिलेटर लागतो.

त्याच रात्री आजीची चटई उचलली, बाज टाकली आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचल्या.

"मंग खरा मन्यार कसा वयखाचा?" काकांनी विचारलं. मी दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले, मग दोन्ही आपल्या मोबाइलवर मागून घेतले. निंदणाला येणाऱ्या बायांना दाखवायचे होते.