रक्तातली नोंद

1.
27 नोव्हेंबर 2018. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू. वय नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या आत. आधी लस घेतली असली तरी पुन्हा टोचायची. टोचली की डाव्या अंगठ्याच्या नखावर खूण.

2.
नखावरची खूण नखाबरोबर वाढते आणि कापली जाते. रक्तातली खूण, म्हणजे प्रतिपिंडे, बघायला एलायझा चाचणी लागते.

3.
पालघर, कानपूर नगर, होशियारपूर, दिब्रुगड. या चार जिल्ह्यांत मोहिमेच्या आधी आणि नंतर मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडे मोजली. शाळेच्या हजेरीपटावरून नाही, वस्त्यांत जाऊन.

4.
गोवराचा नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा डोस शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी बाळांना लागू पडतो. आईकडून आलेली प्रतिपिंडे अजून शिल्लक असली, तर ती लशीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात. उरलेल्या पंधरा जणांच्या कार्डावरही तीच तारीख असते.

5.
‘याला गोवर निघून गेलाय, आता सुई कशाला?’ आई खोटं बोलत नाही. पण अंगावर पुरळ बऱ्याच आजारांत उठतं. रक्त तपासलं तर संरक्षण आहे की नाही ते कळतं. ते लशीने आलं की आजाराने, हे रक्तही सांगत नाही.

6.
1846, फेरो बेटे. 65 वर्षांनी गोवर आला आणि सुमारे 7,800 वस्तीतले 6,000 लोक आजारी पडले. 1781 च्या साथीत गोवर झालेली म्हातारी माणसं मात्र वाचली. डॉक्टर पानुम यांनी हे गावोगाव विचारून लिहून ठेवलं. तेव्हा रक्ताची चाचणी नव्हती.

7.
1954, बॉस्टनजवळची एक शाळा. गोवर झालेला तेरा वर्षांचा विद्यार्थी डेव्हिड एडमन्स्टन. त्याच्या रक्तातून विषाणू वेगळा केला गेला. त्याच विषाणूच्या वंशातली लस आज पुण्यात तयार होते.

8.
1941. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाला नवजात बाळांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले. त्यांच्या आयांना गरोदरपणी रुबेला होऊन गेला होता. सातवीतल्या मुलीच्या दंडावरची सुई पुढच्या पिढीच्या डोळ्यांसाठीही असते.

9.
2018 ची दिवाळी 7 नोव्हेंबरला होती. पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मुलं सोबत. मोहीम दिवाळीनंतर वीस दिवसांनी सुरू झाली.

10.
गोवर थोपवायचा तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना संरक्षण हवं. जिल्ह्याची सरासरी तेवढी भरली, तरी भट्टीवरच्या दहा झोपड्यांची वेगळी मोजावी.

11.
2022 च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ. मुलं दगावली. तेव्हा चार वर्षांच्या आत असलेलं एकही मूल 2018 च्या मोहिमेच्या वयात बसलं नव्हतं.