कोतवाल बुक, बोटीची यादी आणि मधल्या कोऱ्या जागा

१.
१७ फेब्रुवारी १८८१. हिंदुस्थानभर एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती. त्याच वर्षी ३ एप्रिलला, रविवारी, इंग्लंडची शिरगणती. त्या रात्री लंडनच्या गोदीत उभ्या असलेल्या जहाजांवरची माणसेही मोजली गेली. त्यांत रत्नागिरीकडचा एखादा खलाशी असला, तर त्याचे नाव, वय आणि जहाजावरचे काम आज वाचता येते. स्पेलिंग मोडके असेल, पण नाव आहे. त्याची बायको दीड महिना आधी इकडे मोजली गेली होती. तिच्या घराचे पत्रक कोणी ठेवले नाही. ती फक्त बेरजेत आहे.

२.
आईचे आजोबा बोटीवर होते. घरात एवढेच ठाऊक. बोट कोणती, साल कोणते, काम कसले, हे सांगू शकणारी बहुतेक माणसे गेली. त्यांचा शोध घेताना जे दिसले ते इथे टिपून ठेवतो आहे. बरेचसे त्यांच्याबद्दल नाही.

३.
इंग्लंडमध्ये शिरगणतीची घरोघरची पत्रके शंभर वर्षे बंद ठेवतात, मग लोकांना खुली करतात. १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली.

आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ सांगते की जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहता येणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. किती वर्षांनी पाहता येतील, असे त्यात काही नाही.

४.
शाळेच्या जनरल रजिस्टरात एका पानावर ओळीने १ जून, १ जून, १ जून. महाराष्ट्रात एका पिढीचा मोठा भाग या एकाच दिवशी जन्मला. डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल सहा वर्षांचे, असे गुरुजी धरत आणि जूनमध्ये शाळा उघडताना तारीख घालत.

१८४१ च्या इंग्लंडच्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरच्या माणसांचे वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचना होती. चौतीस वर्षांचा माणूस तीस. एकोणचाळीसचा पस्तीस.

५.
गाव नमुना नंबर चौदा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्म आणि मृत्यू. जुन्या पानांवर जन्माच्या नोंदीत बापाचे नाव, जात, तारीख आणि मूल मुलगा की मुलगी. पुष्कळदा मुलाचे नाव नसते, कारण नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे होते. आईचे नावही बहुतेक ठिकाणी नाही.

म्हणजे पणजोबांची जन्मनोंद हाती लागली, तरी त्यात पणजोबांचे नाव नसणार. त्यांच्या बापाचे नाव आणि 'मुलगा' एवढाच शब्द. त्याच बापाला चार मुलगे झाले असतील, तर चौघांतला आपला कोणता ते दुसऱ्या कागदावरून ठरवायचे.

६.
तलाठी कार्यालयात एक आजोबा माझ्याशेजारी बसले होते. 'तुम्ही कशासाठी?' त्यांनी विचारले. मी सांगितले. 'जमीन नाही ना गुंतलेली त्यात? दाखला नकोय?' नाही म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'मग माझ्या वडिलांचंही बघा एकदा. आम्हालाही कुठं माहीत आहे.'

७.
२०२३. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरे उघडली गेली. कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे, कुळांच्या वह्या. मोडी वाचणारी माणसे कमी पडली. इतकी वर्षे कोणी न उलगडलेली पाने लाखोंच्या संख्येने तपासली गेली.

गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांचा जन्म लिस्बनला नोंदवता येतो. मग त्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. त्यासाठी पोर्तुगीजमध्ये हाताने लिहिलेली जुनी नोंद काढावी लागते. आजोबांच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे असले की काम अडते.

८.
जुन्या आगबोटींवर कामाच्या जागा मुलखांनी वाटलेल्या. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्याचे लोक, त्यांत कोकणी मुसलमान फार. खाली इंजिनाजवळ पंजाब, सरहद्द आणि सिल्हेटचे. सलूनमध्ये, भटारखान्यात गोव्याचे.

सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपली माणसे आपल्याच गावातून, आपल्याच नात्यातून आणायचा. म्हणून खलाशांच्या यादीत एक ओळखीचे नाव सापडले, तर पान तिथे सोडू नये. वरची-खालची सगळी नावे उतरून घ्यावीत. ती बहुधा एकाच खाडीची असतात. मेहुणा, चुलतभाऊ, शेजारी. कित्येकदा आपला माणूस त्यांच्यामुळेच ओळखू येतो.

९.
ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या खलाशी-याद्या आज कुठे आहेत? १८६३ ते १९३८ च्या याद्यांतला सुमारे ७० टक्के साठा कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स शहरात, मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास अभिलेखागारात. दर वर्षाचे १० टक्के लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. शेवटी ५ असलेल्या सालांचे उरलेले ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात.

दाभोळ खाडीतून मुंबईला आलेला आणि मुंबईहून बोटीवर चढलेला माणूस कागदावर अटलांटिकच्या पलीकडे जाऊन राहिला आहे.

१०.
१९१५ च्या याद्या तेवढ्या सहज पाहता येतात. स्वयंसेवकांनी साडेसात लाखांच्या आसपास नावे उतरवून काढली. आपल्या खलाशांची नावे इंग्रज कारकुनाने कानाला आली तशी लिहिलेली. उतरवणाऱ्याने त्याला दिसली तशी वाचलेली. नावावरून शोधू नये. जहाजावरून शोधावे, नाही तर वय आणि कामावरून.

११.
ब्रिटिश आरमाराच्या खलाशाच्या नोंदीत उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, अंगावरचे गोंदण, जखमांचे व्रण. दर वर्षी ३१ डिसेंबरला वर्तणुकीचा शेरा. बहुतेकांना 'व्हेरी गुड'. प्लिमथच्या कोणा नातवाला आपल्या आजोबांच्या डाव्या दंडावर नांगर गोंदलेला होता, हे शंभर वर्षांनी वाचता येते.

लस्कराच्या, म्हणजे आपल्याकडच्या खलाशाच्या, करारावर नाव, गाव, वय, हुद्दा, पगार. आणि सगळ्यांना मिळून लागू असलेले रोजच्या शिध्याचे कोष्टक, तांदूळ किती, डाळ किती, तूप किती. पणजोबांचे डोळे कसे होते ते कळणार नाही. ते बोटीवर किती तूप खात होते ते कळू शकते.

१२.
३० डिसेंबर १९१५. मुंबईकडे येणारी 'पर्शिया' ही बोट क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. बोटीवर ५१९ माणसे, मेलेली ३४३. वाचलेल्यांत लॉर्ड मॉंटेग्यू होते. इंग्लंडला परतल्यावर त्यांना स्वतःवरचा मृत्युलेख वाचायला मिळाला.

१३.
मशीद बंदरजवळच्या सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही, अशा दोन हजारांवर हिंदी खलाशांची नावे त्यात आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठी एका ग्रंथात सहा हजारांहून अधिक नावे. त्या ग्रंथाची दुसरी प्रत चितगावला.

बाहेर हातगाड्या, मालाची पोती, पाटीवाले. रस्त्यावरच्या दोघांना विचारले. त्यांनी सेलर्स होम दाखवले. स्मारकाचे त्यांना माहीत नव्हते. मुंबईत शाळांच्या सहली राणीच्या बागेत जातात, तारापोरवाला मत्स्यालयात जात. कोकणातून आलेल्या मुलांना इथे एकदा आणायला हवे. आपल्या आडनावाचा, आपल्या गावाचा कोणी आहे का, ते त्यांनी स्वतः बोट ठेवून शोधावे.

१४.
आरमारात नोकरी होती, असे घरी सांगतात. पण कोणत्या आरमारात? १८३० पासून इंडियन नेव्ही, १८६३ पासून बॉम्बे मरीन, १८७७ पासून हर मॅजेस्टीज इंडियन मरीन, १८९२ पासून रॉयल इंडियन मरीन, १९३४ पासून रॉयल इंडियन नेव्ही, १९५० पासून भारतीय नौदल. साल माहीत नसेल तर दप्तराचे नावही माहीत नसते. घरातले सगळे जण मात्र 'नेव्ही' एवढाच शब्द वापरतात, व्यापारी बोटीवरच्या माणसालासुद्धा.

१५.
डिसेंबर १९४२ मध्ये लंडनजवळच्या हेझला आग लागून इंग्लंड-वेल्सची १९३१ ची सगळी पत्रके जळाली. १९४१ ला युद्धामुळे शिरगणतीच नव्हती. म्हणून तिकडचे लोक सप्टेंबर १९३९ ला रेशनकार्डांसाठी आणि ओळखपत्रांसाठी केलेल्या नोंदवहीवर भागवतात.

१९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले अभिलेखागार यादवी युद्धात जळाले. आयरिश माणूस आपल्या घराण्याबद्दल बोलू लागला की त्या आगीपाशी येतोच.

कोकणात कागदाला वाळवी लागते आणि चार महिने पाऊस असतो.

१६.
१९१८ च्या शेवटच्या महिन्यांतली कोतवाल बुकाची पाने. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ताप. खाली ताप. त्याखाली ताप. एकाच घरातली तीन माणसे एका आठवड्यात. अक्षर सगळीकडे एकच आहे. कोतवाल घरोघर जात होता आणि लिहीत होता.

१७.
कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी येतात. सुगी झाली की दारात उभे राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, नव्या जन्मांची भर घालतात, धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात. त्र्यंबकेश्वरला, पंढरपूरला तीर्थोपाध्यांच्या वह्या. गाव सांगा, आडनाव सांगा, खापरपणजोबा आले होते की नाही ते निघते. कधी त्यांची सहीही मिळते. हरिद्वारच्या अशाच वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या वंशावळी गोळा करणाऱ्या संस्थेने केव्हाच करून नेली.

तीर्थाला जायची ऐपत ज्यांना होती, त्यांच्या वह्या. खलाशाच्या घरच्यांनी नाशिक गाठले असेल का?

१८.
ग्रंथालयात कुलवृत्तांतांचे एक कपाट. जाड, कापडी बांधणीचे. एका माणसाची नोंद: शिक्षण, नोकरी, कुठे कुठे बदली, घर कोणत्या साली बांधले, स्वभाव मनमिळाऊ. पत्नी: सासरचे नाव, कंसात माहेरचे, वडिलांचे नाव. तिची नोंद तिथे संपते. मुली लग्नापर्यंत. पुढे त्या दुसऱ्या कुलवृत्तांतात जातात, त्या घराण्याचा निघाला असेल तर.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदावर असे लिहायचे: स्वतःचे, आईचे, वडिलांचे, आडनाव. शंभर वर्षांनी कोणी शोधायला बसेल, त्याचे निम्मे काम झालेले असेल. हा निर्णय फार पूर्वी व्हायला हवा होता.

१९.
मॉरिशसला मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या आहेत. प्रत्येकाला क्रमांक. जहाजाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुष्कळांचे फोटोही. मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसे तिथेच आहेत. त्यांच्या पतवंडांना पणजीचा चेहरा पाहता येतो. उसाच्या मळ्यातून पळाली तर ओळखता यावी, म्हणून काढलेला.

आमच्याकडे पणजीचा फोटो नाही. ती गावातच राहिली.

२०.
मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात गोव्याच्या लोकांच्या कुडी. एका गावाची एक कूड. बोटीवरून उतरलेला तारवटी, म्हणजे खलाशी, पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राहायचा. भिंतीलगत ट्रंका, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. माणसाचे गाव माहीत असले की कूड कळते आणि कूड कळली की विचारायला जागा मिळते.

लंडनमध्ये लाइमहाउसला वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ मध्ये उघडलेले आशियाई खलाशांचे वसतिगृह होते. तिथे राहिलेलेही त्या-त्या शिरगणतीत आहेत.

२१.
१८६४: मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२. १८७२: ६,४४,४०५. कापसाची तेजी संपली, माणसे परत गेली. कुठे कुठे गेली, त्याची यादी नाही.

२२.
इंग्रज शिरगणतीत नवरा समुद्रावर असला की बायकोच्या व्यवसायाच्या रकान्यात 'खलाशाची बायको' लिहिलेले सापडते. घरात नवऱ्याची ओळ नसते. शोधणारा तेवढ्यावरून जहाजांच्या यादीकडे वळतो.

२०११. रत्नागिरी जिल्हा. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया.

२३.
आईची आत्या पंच्याण्णवच्या पुढे आहे. ऐकू कमी येते, आठवते सगळे. पुढच्या खेपेला तिला विचारायचे:

तुझ्या आईचे माहेर कुठले? माहेरी तिला काय हाक मारीत?
मनीऑर्डर यायची का? कोण वाचून दाखवायचे?
बोटीवर तुझ्या वडिलांबरोबर गावातले आणखी कोण होते? त्यांची घरे कोणत्या वाडीत?
तू जन्मलीस तेव्हा वडील घरी होते का? त्या वर्षी काय घडले होते: दुष्काळ, वादळ, साथ, काहीही?
घरात लोखंडी ट्रंक होती ती कोणाकडे गेली?