चाकांवरच्या बिऱ्हाडाचे पाणी

अमेरिकेत बैलगाडी नाही असे कोण म्हणतो? तिकडे बैलांच्या जागी मोटार असते आणि मागे न्हाणीघरासकट अख्खे बिऱ्हाड जोडलेले असते, एवढाच काय तो फरक! त्याला ते लोक ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. डेन्व्हरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडे असा एक ट्रेलर आहे. मागच्या मे महिन्यात आई आणि मी तिच्याकडे गेलो, तेव्हा यूटातल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात तीन रात्री मुक्काम करायचा बेत ठरला.

मी ट्रेलरमधल्या घडीच्या पलंगांचे कौतुक करीत राहिलो. आईने मात्र आत पाऊल टाकताच विचारले, “पाणी कुठलं?”

प्रश्न अगदी नेमक्या जागी लागला. आदल्या वर्षी अशाच सफरीत दुसऱ्या मुक्कामी भाचीला उलट्या-जुलाब सुरू झाले होते आणि मध्यरात्री दवाखाना शोधत साठ मैल जावे लागले होते. दोष टाकीचाच होता असे काही सिद्ध झाले नाही. पण बहिणीच्या मनातून ती रात्र गेलेली नव्हती. त्यात यंदा सत्त्याहत्तर वर्षांची आई बरोबर, आणि जिथे उतरायचे त्या कँपग्राउंडवर पाण्याचा नळच नाही. जे न्यायचे ते टाकीतूनच.

ट्रेलरला टाक्या तीन : एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची आणि तिसरी संडासाची. पहिलीत चाळीस गॅलन, म्हणजे सुमारे दीडशे लिटर पाणी मावते. ती भरायची पांढरी नळी निराळी. संडासाची टाकी धुवायच्या नळीची सावलीही तिच्यावर पडू देत नाहीत. “म्हणजे ही सोवळ्यातली!” आई म्हणाली. जावयाबद्दलचे तिचे मत त्या क्षणी बरेच सुधारले.

कोलोरॅडोत हिवाळ्यात पाणी गोठते, फुगते आणि नळ फोडते. म्हणून थंडीपूर्वी टाकी रिकामी करून नळांत एक गुलाबी, बिनविषारी द्राव भरून ठेवतात. वसंतात तो धुऊन काढायचा आणि मग सगळी व्यवस्था निर्जंतुक करायची. बंद टाकीत, अंधारात, ओल्या प्लॅस्टिकवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही.

एका शनिवारी मेहुणे बाह्या सरसावून बसले. गरम पाण्याचा बंब बंद करून, निववून, त्यातले पाणी सोडले. गाळणी काढून ठेवली, कारण क्लोरिनने ती निकामी होते. मग साधे, बिनवासाचे ब्लीच. पंधरा गॅलनांना पाव कप हे प्रमाण; म्हणजे आमच्या टाकीला पाऊण कपाला थोडे कमी. तेही थेट ओतायचे नाही, गॅलनभर पाण्यात कालवून घालायचे आणि वर टाकी काठोकाठ भरायची. पंप लावून प्रत्येक नळ, गारही आणि गरमही, क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडायचा. संडासाचे पाणी आणि बाहेरच्या अंगाला असलेला फवाराही. हा फवारा लोक हमखास विसरतात म्हणे.

“दादा, बसा गाडीत,” मेहुणे म्हणाले, आणि आम्ही ट्रेलर जोडून गल्लीतून दोन चकरा मारल्या. पाणी हिंदकळून टाकीच्या वरच्या अंगालाही लागावे, हा हेतू. शेजाऱ्यांना मात्र ही मंडळी निघाली कुठे आणि परत का आली, याचे कोडे पडले असावे.

चार तास ते पाणी तसेच ठेवायचे होते. तेवढ्या वेळात आईने आमच्या गावच्या विहिरीची हकिगत सांगितली. पटकीची साथ आली की विहिरीत लाल औषध पडे आणि पाणी जांभळट दिसे. म्हाताऱ्या नाके मुरडत, पण पीत. तिकडे तरी काय निराळे होते? अमेरिकेत सबंध शहराच्या पाण्यात नित्य क्लोरिन घालायला १९०८ साली जर्सी सिटीने सुरुवात केली, तेव्हा त्याची योग्यायोग्यता कोर्टात तपासली गेली होती.

मग ते पाणी घराच्या गटारनळीत सोडले आणि टाकी पुनःपुन्हा भरून, सगळे नळ वाहवून, वास जाईपर्यंत धुतली. वास घालवायला कोणी व्हिनेगरही वापरतात. पण ब्लीच पुरते धुऊन गेल्यावरच. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू होतो. तिसऱ्या धुण्यानंतर आईने ओंजळीत पाणी घेऊन हुंगले आणि मान हलवली. ही परीक्षा कुठल्याही पुस्तकात नाही, पण बहिणीचा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.

साडेतीनशे मैलांवर मोआबला टाकी भरून घेतली आणि ‘आयलंड इन द स्काय’च्या पठारावर चढलो. तिथून खाली पाहावे तर ग्रीन नदी लाल खडकांत वळणे घेत जाताना दिसते. एवढे पाणी डोळ्यांसमोर, आणि त्यातले घोटभरही हाताशी नाही!

पाण्याचा कारभार आईने आपल्याकडे घेतला. पिण्याचे पाणी फुलपात्राने मोजून, खरकटी भांडी आधी कागदाने पुसून, आंघोळ एक दिवसाआड. तिसऱ्या संध्याकाळी भिंतीवरचा काटा पाव टाकी दाखवीत होता आणि भाची खडकावर धावत होती. आईने माझ्या पुढ्यात फुलपात्र ठेवले, काठोकाठ भरलेले. “आज घे पोटभर,” ती म्हणाली, “उद्या निघायचंच आहे.”