उंदीर आणि बेडकुळी

इंग्रजीच्या तासाला मी एकदा एका मुलाला उगीच शिक्षा केली. धड्यात स्नायूला असलेला इंग्रजी शब्द आला आणि त्याने वाचले, "मस्कल." वर्ग हसला. मीही हसलो.

"त्यातला 'सी' मुका आहे. 'मसल' म्हण!" मी दरडावले.

"बोलायचा नाही, तर लिहितात कशाला, सर?"

मला उत्तर येत नव्हते. उत्तर न येणारा मास्तर जे करतो तेच मी केले. तास संपेपर्यंत त्याला बाकावर उभे ठेवले!

उत्तर सापडले चार-पाच वर्षांनी, एका जाडजूड कोशात. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे इवलासा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी टुणकन हलते ना, ते त्या लोकांना उंदराचे पिल्लू वाटले! हा 'मूस' आपल्या संस्कृत 'मूष'चा सख्खा भाऊ. म्हणजे गणपतीच्या वाहनाच्या गणगोतातलाच. इंग्रजांच्या बोलण्यातून तो 'क' गेला, लिहिण्यात तेवढा उरला. फ्रेंच लोक मात्र तो अजून उच्चारतात आणि 'मस्क्युलर' म्हणताना इंग्रजांच्याही तोंडी तो येतोच. त्या दिवशी माझ्या वर्गात उंदराने बिळातून तोंड बाहेर काढले होते आणि मी बिळावर धोंडा ठेवला!

तोवर मुलाने शाळा सोडली होती. गेल्या दिवाळीच्या आधी तो बाजारात भेटला. अडत्याच्या दुकानी पोती उचलीत होता. मी त्याला थांबवले, सारी हकीकत सांगितली आणि म्हणालो, "तुझा प्रश्न बरोबर होता रे. चुकलो मी."

तो संकोचून हसला. "शब्द नाही आठवत, सर. बाकावर उभं केलेलं तेवढं आठवतं."

मी गप्प झालो. त्यालाच माझी कीव आली असावी. बाही सारून त्याने दंड आवळला. "पण उंदीर कसला, सर? आमच्यात हिला बेडकुळी म्हणतात!"

खरेच की! रोमच्या लोकांना उंदीर दिसला, आपल्या लोकांना बेडूक. हे मी वर्गात विचारले असते तर तो तास किती रंगला असता! तेवढ्यात अडत्याची हाक आली. त्याने मला नमस्कार केला आणि पुढचे पोते पाठीवर घेतले.

हल्ली तो शब्द आला की मी आधी मुलांना दंड आवळायला सांगतो. स्पेलिंग मग.