कुरकुरीचा उपवास

वसईत ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की ख्रिस्ती घरांत मटण बंद होतं, कुणी दारू सोडतं, कुणी गोड. मटण सोडणं मला कधीच जड गेलं नाही, म्हणून त्यात मला फारसं पुण्यही दिसेना. एका वर्षी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मी घरात जाहीर केलं, यंदा कुरकुर बंद. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली आपल्या खोलीच्या दारावर तक्रारीला मनाई करणारी पाटी लावली होती. मुलांसमोर तक्रार केली तर दंड दुप्पट, असंही तिच्यावर होतं. ते डोक्यात बसलं होतं.

धाकट्याने लगेच पळवाट काढली. ‘‘चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत ना? मग रविवारी सगळी एकदम करणार का?’’

घरी निभावलं. पंचाईत झाली ती लोकलमध्ये. बायकांच्या डब्यात मैत्री जमते तीच मुळी गाऱ्हाण्यांवर. भाईंदरची खाडी येईपर्यंत सासू, साहेब, उकाडा, भाजीचे भाव असं सगळं होऊन जातं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायला दुसरं काही सुचेचना! नायगावला चढणाऱ्या मैत्रिणीने कपाळाला हात लावून पाहिला, ‘‘बरं नाही का गं?’’ पण त्या दिवसांत तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. एरवी तिचं संपायच्या आत माझ्या सासूबाई मध्ये यायच्या.

संध्याकाळी बायबल उघडायची तेव्हा गणना पुस्तकाच्या ११व्या अध्यायाशी अडले. रानात रोज मान्ना खाऊन कंटाळलेले इस्राएली मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवून आपापल्या तंबूच्या दारात रडतात. (वाडीत वाढलेल्या वसईकराला त्यांच्यावर फार रागावता येत नाही.) देवाचा मात्र कोप होतो. पण त्याच अध्यायात मोशेही तक्रार करतो, आणि तीही केवढी! हे ओझं मला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक, असं तो देवाला तोंडावर सांगतो. त्याला शिक्षा होत नाही. मदतीला सत्तर वडीलजन मिळतात. बाकीचे तंबूच्या दारात बसून रडले, मोशे ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे गेला.

आमच्या गल्लीतलं गटार पावसाळ्यापासून तुंबलेलं होतं. जेवताना रोज त्याचा उद्धार व्हायचा, अर्ज मात्र कुणीच केला नव्हता. मी केला. दोन प्रती, एकीवर पोच. दर आठवड्याला जाऊन विचारू लागले.

नवरा म्हणाला, ‘‘मोडला की तुझा उपवास.’’

शंका राहू नये म्हणून पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरांना विचारलं. जाळीपलीकडे ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘त्या अर्जाची एक प्रत मला दे. चर्चच्या मागच्या गटाराचंही तेच आहे.’’