‘बरेच’ म्हणजे किती?

बजाजनगरला आमच्या दोन खोल्यांत एकच सेकंड हँड कॉम्प्युटर होता आणि त्यावर एकच गेम चालायचा : १९९९ सालचा ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’. माउस एक, खेळणारे दोन. दादाची पाळी आली की मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. बघितलं तर चीटिंग.

सुरुवातीला नकाशा काळाकुट्ट असतो. आपला हीरो चालेल तेवढाच उजळतो. वाटेत ड्रॅगन दिसला, राइट क्लिक केलं, तर आकडा येत नाही, शब्द येतो. ‘फ्यू’ म्हणजे १ ते ४. ‘लॉट्स’ म्हणजे २० ते ४९. वीस असले तर जिंकू, एकोणपन्नास असले तर आठवडाभर जमवलेलं सैन्य संपलं. दादा विचारायचा, “बरेच म्हणजे किती रे?” मग आम्ही दहा मिनिटं नुसता वाद घालायचो.

नकाशावर ओबेलिस्क असतात, म्हणजे उंच दगडी खांब. प्रत्येक खांबाला भेट दिली की एका कोड्याचा थोडा भाग उघडतो. कुठेतरी ग्रेल पुरलेला असतो, त्या जागेचं ते चित्र. दादा ते वहीत काढून ठेवायचा.

नववीत असताना मी गुपचूप तो नकाशा मॅप एडिटरमध्ये उघडला. ग्रेलची जागा समोरच होती. रविवारी मी सरळ तिथे जाऊन खणलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. “तुला माहीत होतं.” एवढंच म्हणाला. तो नकाशा आम्ही परत कधी लावला नाही. वहीही कुठे गेली कोण जाणे.

तेव्हापासून वाटायचं, माहीत नसण्यातच मजा आहे. पण घरात दुसरंही माहीत नसणं होतं. पप्पा वाळूज एमआयडीसीत कंत्राटी कामगार. पुढच्या महिन्यात बोलावतील की ब्रेक देतील, हे कोणी सांगायचं नाही. मम्मी किराण्याची यादी अर्धीच लिहायची. त्यात कसली मजा?

फरक मला दौलताबादच्या किल्ल्यावर कळला. तिथल्या अंधारीत, त्या वळणावळणाच्या भुयारी वाटेत, आपण भिंत चाचपत चढतो. आत शिरलेल्या शत्रूसाठी ती सापळा होती. किल्ल्यातल्या माणसाला मात्र तिचं प्रत्येक वळण पाठ. अंधार तोच, पण एकाच्या हातात काहीच नाही. पप्पांचा अंधार तसला होता. गेममधला अंधार दोघांना सारखा असतो, आणि शब्दाला जागतो. ‘लॉट्स’ म्हटल्यावर पन्नास कधीच निघत नाहीत. अंदाज चुकला तर चूक आपली असते.

आज या गेमबद्दल सगळं नेटवर आहे. कुठल्या शब्दाला किती, कुठलं सैन्य भारी, सगळं. तरी तो जिवंत आहे, कारण १९९९ मध्येच आलेल्या ‘आर्मागेडन्स ब्लेड’ने रँडम नकाशे दिले. नियम सगळ्यांना पाठ, पण हा नकाशा आजवर कोणीच पाहिलेला नाही. जुन्या गेममध्ये एवढं झाकलेलं राहिलं तरी पुरतं.

दादा आता चाकणला असतो. दिवाळीत आला की लॅपटॉपवर नवा रँडम नकाशा काढतो. मागच्या वेळी त्याची पाळी होती, मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. मागून आवाज आला, “बरेच आहेत रे.”

मी वळलो नाही. “मग? भिडतोस का?”