चौथे इंजिन

घरातील वडीलधाऱ्या माणसाने एखाद्या वस्तूस दोष दिला की त्या दोषाची शहानिशा करण्यास सहसा कोणी धजत नाही. गतवर्षी गणेशचतुर्थीच्या सुमारास आम्ही असाच एक दोष दिला, आणि तो अखेर आमच्याच पदरी आला.

बांद्याशेजारच्या इन्सुली गावी आमचे जुने घर आहे. थोरले बंधू निवृत्तीनंतर तेथेच राहत. पुण्यास कोथरुडमध्ये १९९८ साली खुले झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आल्यापासून त्यांना छोट्या आगगाड्यांचा छंद जडला. माजघराशेजारच्या खोलीत त्यांनी साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे रूळ मांडले, आणि खऱ्याच्या ८७ पटींनी लहान अशी इंजिने एकेक करून आणिली. चौथे इंजिन त्यांनी आजारपणात मागविले. त्या खर्चावरून आम्ही त्यांस चार शब्द बोललोही होतो. दोन वर्षांपूर्वी ते गेले. चारही गाड्या एकदम धावताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांची बारा वर्षांची नात आम्हांस म्हणाली, "भाऊआजोबा, उद्या आरतीनंतर आजोबांच्या चारही गाड्या चालवायच्या." आम्ही होकार दिला. तीन गाड्या सुरळीत धावल्या. चौथी सुरू करताच सर्व जागच्या जागी उभ्या राहिल्या. दोनदा, तीनदा तेच! "हे इंजिनच सदोष आहे. दादांनी उगीच पैसे घातले," असे आम्ही बोलून गेलो. मुलगी काहीच बोलली नाही. तिने पहिले इंजिन उचलून ठेवले व उरलेली तीन चालविली. ती उत्तम चालली, आणि त्यांत ते चौथेही होते.

येथे थोडा खुलासा करणे अवश्य आहे. जुन्या पद्धतीच्या खेळात रुळांतील विजेचा दाब कमीअधिक करून गाडीचा वेग बदलीत. त्यामुळे एका रुळावरील दोन इंजिने एकदमच पळत व एकदमच थांबत. डिजिटल पद्धतीत रुळांत सदैव पूर्ण दाबाची, सुमारे १५ व्होल्टची, वीज असते. हुकूमही त्याच विजेतून संकेतरूपाने जातात, आणि ज्याचा क्रमांक पुकारला जाईल तेवढेच इंजिन तो पाळते. क्रमांक हजारो देता येतात. परंतु क्रमांक पुष्कळ म्हणजे वीजही पुष्कळ, ही समजूत मात्र फसवी आहे.

आम्ही त्याच समजुतीने सावंतवाडीस गेलो व १० अँपिअरचा वीजपुरवठा विकत घेऊन आलो. तो जोडला, गाड्या पुन्हा थांबल्या! तेव्हा पुतण्यास दूरध्वनी केला. तो म्हणाला, "काका, हौद केवढाही बांधला तरी नळाच्या तोंडातून येईल तेवढेच पाणी येणार. रुळांना वीज देणारी पेटी २ अँपिअरचीच आहे. आधी खर्च मोजा."

मग नातीने मापकयंत्र घेतले व आम्ही कागद घेतला. प्रत्येक इंजिनास धावताना सुमारे ०.४ अँपिअर, म्हणजे तिघांस १.२. शिवाय सहा डब्यांत जुन्या तारेचे बारा दिवे, प्रत्येकी ०.०५ प्रमाणे ०.६. एकूण १.८. चौथे जोडताच बेरीज २.२ होई, आणि पेटी स्वतःच्या रक्षणार्थ वीज तोडी. म्हणजे दोष चौथ्याचा नव्हता. तो सर्वांच्या बेरजेचा होता.

आता १० अँपिअरची पेटीच आणावी, असा विचार मनात आला. पुतण्याने तोही मोडून काढला. रुळावरून चाक घसरून दोन्ही रूळ जोडले गेले, तर त्या एका ठिपक्यावर १५० वॉटपर्यंत शक्ती एकवटू शकते. डाख लावण्याचे लहानसे विजेचे हत्यार २५ वॉटचे असते; त्यावरून इंजिनाच्या प्लास्टिकचे काय होईल ते वाचकांनीच ताडावे! म्हणून मोठ्या मांडणीत एकच प्रचंड पुरवठा न देता रुळांचे स्वतंत्र विभाग पाडून प्रत्येकास निराळी, बेताची पेटी देतात. एका विभागात अपघात झाला तरी बाकीच्या गाड्या धावतात. आमच्या भागातून जाणाऱ्या कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. तेथेही वरची २५,००० व्होल्टची तार अखंड एका पुरवठ्यावर नसून विभागाविभागाने वीज घेते. दोन पुरवठ्यांच्या सीमेवरील निर्वीज तुकडा गाडी केवळ आपल्या वेगाने ओलांडते.

आम्हांस इतकेही करावे लागले नाही. बारा दिवे काढून तेथे एलईडी बसविले. त्यांचा खर्च सर्व मिळून ०.०६ अँपिअरवर आला. एकूण बेरीज १.६६! नंतर रुळांच्या अगदी दूरच्या टोकास एक नाणे आडवे ठेवून पाहिले. पेटीने तत्काळ वीज तोडली. तसे झाले नसते, तर तारा बारीक आहेत किंवा सांधे ढिले आहेत, असे समजावयाचे होते.

चतुर्थीच्या रात्री आरती झाली, माटवीखाली समया तेवत होत्या, आणि शेजारच्या खोलीत चारही गाड्या एकामागून एक निघाल्या. मुलगी हळूच म्हणाली, "भाऊआजोबा, आजोबांनी चौथं इंजिन उगीच नव्हतं ना आणलं?"

"नाही बाळ," आम्ही म्हणालो, "बेरीज आम्ही केली नव्हती."

हे उत्तर दादांस द्यावयाचे होते. ते त्यांच्या नातीस दिले.